खालची तार

१२ फेब्रुवारी

वहिनी,

सप्रेम नमस्कार लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहायचं. नुसता नमस्कार.

तीन आठवडे तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून हा कागद. दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर कुंपणाला सोळा किलोमीटरचा वळसा घालून रोज दोन्हीकडे जातो, त्याच्या हाती देते आहे. पूर्वी दवाखान्याला कुलूप लावून निघाले की दहाव्या मिनिटाला मी तुमच्या अंगणात असायचे. आता मधे फाटक आहे आणि फाटकाला कुलूप.

रानडुकरं अडवायला तुमच्या शेतकरी समितीनं घातलेलं कुंपण उभं राहून आठ महिने झाले. मी जनावरांची डॉक्टर आहे, त्यामुळे त्याच्या या बाजूला काय पडलेलं असतं ते उचलायला लोक मला बोलावतात. म्हणून सांगते. जाळीच्या पुढे विजेच्या चार तारा आहेत. सगळ्यात खालची जमिनीपासून चार बोटांवर. माळावरच्या कासवाला तिचा धक्का बसला की ते मागे सरत नाही. मान आणि पाय आत घेतं आणि तिथेच बसून राहतं. तार पाठीला टेकलेली, सेकंदाला एक धक्का. खाणीपासून फाटकापर्यंत मी चालत गेले आणि एकतीस कासवं मोजली. तीस मेलेली होती.

हरणांचा कळप संध्याकाळी तुमच्या बांधावरून नदीवर पाणी प्यायला जायचा. आता तो जाळीला लागून येरझाऱ्या घालतो. त्यांच्या खुरांनी हातभर रुंद वाट पडली आहे, ती कुठेच जात नाही.

मागणं दोनच आहे. खालची तार बंद करा. दुसरी तार डुकराच्या नाकाच्या उंचीवर आहे, त्याला तेवढी पुरते. आणि फाटक संध्याकाळी दोन तास उघडा. बैठकीत तुम्ही सगळ्यांनी तसं कबूल केलं होतं. समितीच्या सचिव तुम्ही आहात, इतिवृत्त तुमच्याच अक्षरात आहे.

दादाचा पाय कसा आहे ते विचारते आहे. उत्तर येणार नाही हे धरून.

तुमची नणंद (अजून तरी)



२० फेब्रुवारी

वन्सं,

पत्र मिळालं. ड्रायव्हरला चहा दिला, त्याच्याशी माझं भांडण नाही.

एकतीस कासवं मोजलीत. मोजायची सवय चांगली. मीही मोजलं आहे. ह्यांच्या मांडीला चोवीस टाके. मक्याच्या शेतात डुकरानं ह्यांना फाडलं तेव्हा मी टॉवेलाचा बोळा त्या जखमेत कोंबून दोन्ही हातांनी दाबून बसले होते. अर्धा तास. वर बघत हे मला म्हणत होते, "तिला फोन लाव, ती येईल." मी सात वेळा लावला. तुम्ही परगावी एका सभागृहात जंगली जनावरं कशी वाचवावीत यावर भाषण ऐकत होतात. सभागृहात फोन बंद ठेवायचा असतो म्हणे.

आपण शाळेत एका बाकावर बसायचो. मला या घरात तुम्हीच आणलंत, आणि लग्नानंतरही आपलं अगं-तुगंच होतं. मला आठवतं सगळं. पण त्या सात फोननंतर तुम्हाला 'तुम्ही'च म्हणावंसं वाटतं. परक्याला म्हणतात तसं.

कुंपण झाल्यापासून एकही डुक्कर आत आलं नाही. या हंगामात पहिल्यांदा मका पूर्ण घरात आला. सकाळी शेतात जाताना मी आता काठी आपटत जात नाही. हे तुमच्या यादीत कुठे बसतं?

फाटकाचं म्हणाल, तर बैठकीत बरंच काही कबूल होतं. हरिण आत येईल आणि डुक्कर बाहेर 'फक्त हरणांसाठी' ही पाटी वाचत उभं राहील, असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही जास्त शिकलात इतकंच म्हणेन.

खालची तार चालूच राहील.

पाय आहे तसाच आहे. जिना चढताना आवाज करतो.

वहिनी



१८ मार्च

वहिनी,

सात फोन. दादाची मी माफी मागितली, त्यानं हसून विषय बदलला. तुमची मागायला आले तेव्हा तुम्ही दार लावून घेतलंत. इथे लिहून मागते. चुकलं माझं. पण तो राग माझ्यावर काढा, त्या तारेत सोडू नका.

आता दुसरं. तुमची डुकरं मेलेली नाहीत, त्यांनी पत्ता बदललाय. कुंपण खाणीपाशी संपतं. तिथून वळसा घालून ती खाणकामगारांच्या वस्तीत उतरतात. तिथल्या बायकांनी घरामागे भाजीचे वाफे केले होते, ते आता कुणी नांगर फिरवल्यासारखे झालेत. एका बाईनं मला विचारलं, "डॉक्टरबाई, त्यांनी कुंपण आमच्याकडे डुकरं हाकायला बांधलंय का?"  उत्तर तुम्हाला सुचलं तर कळवा.

आमच्या बाजूला कळप अडकून पडल्यामुळे माळ मुळापर्यंत खाल्ला गेलाय. नुसती माती उरली, वारा आला की तोंडात जाते. आणि तुमच्या बाजूला, जाळीला लागून, ना हरिण येतं ना मेंढरू. तिथलं गवत कंबरेएवढं झालंय आणि वाळलंय. ते कापून घ्या. अजून महिनाभरानं त्याला गवत म्हणता येणार नाही, सरपण म्हणावं लागेल.

एक गोष्ट मात्र मान्य करते. आठवडाभर फाटकातून हरणांच्या खुरांचे ठसे आत गेलेले दिसतात, आणि परत आलेलेही. तुम्ही स्वतःच्या तोंडानं सांगणार नाही, हे ठाऊक आहे. पण मला कळलं. मनापासून आभार.

तुमची नणंद



२५ मार्च

वन्सं,

फाटक मी उघडत नाही. तुमचे आभार वाचले आणि मला कळलं की दुसरं कुणीतरी उघडतं.

संध्याकाळी मी ह्यांच्या मागे गेले. 'पंप बघून येतो' असं सांगून हे रोज जातात. पंपाची खोली फाटकाच्याच कोपऱ्यात, जिथे कुंपण काटकोनात वळतं. हे काठी टेकत फाटकापाशी गेले, खिशातून किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि दगडावर जाऊन बसले. अध्यक्षांकडून दुसरी किल्ली मागून घेतली होती, पंपाचं कारण सांगून. थोड्या वेळानं हरणं आली. ह्यांच्या समोरून गेली, पाच हातांवरून.

मी पुढे होऊन विचारलं, "हे काय चाललंय?"

"पाणी प्यायला येतात," हे म्हणाले.

"आणि डुक्कर आलं तर?"

"मी बसलोय ना इथे."

बसलोय ना! धड उभं राहता येत नाही माणसाला. जिथे फाटला तिथेच जाऊन फाटक उघडून बसतो, आणि मी घरात भांडी घासते या भरवशावर की मधे तार आहे.

हे शहाणपण ह्यांच्या डोक्यातलं नाही. लहानपणापासून तुम्ही बोट दाखवायचं आणि ह्यांनी झाडावर चढायचं, हे मी ऐकून आहे. माझ्या पाठीमागे माझ्या नवऱ्याला फितवलंत आणि वर मलाच आभाराचं पत्र. वा!

किल्ली आता माझ्या स्वयंपाकघरात खिळ्याला आहे. दुसरीही.

गवताचं मला चांगलंच कळलं. आज गवत कापा, उद्या कापायला माणसं कुठे आहेत, परवा मेंढपाळाला आत सोडा, त्याची मेंढरं फुकट कापून देतील. आणि मेंढरं आत आली की फाटक उघडंच. मी पण त्याच बाकावर शिकले आहे. गवत राहील तिथेच. धान्याच्या खोलीत उंदीर मावेनासे झालेत, आधी त्यांचं बघते.

वहिनी



२ एप्रिल

वहिनी,

मला काही माहीत नव्हतं. दादा मला भेटलेला नाही, बोललेला नाही. मला खरंच वाटलं होतं की तूच उघडतेस. आठवडाभर मी दवाखान्यात कंपाउंडरला तुझ्याबद्दल चांगलं सांगत होते. तेवढं परत घेते.

तो बिचारा एवढंच एक स्वतःच्या मनानं करत होता आणि मीच त्याला पकडून दिलं. त्याला सांग, तुझी बहीण मूर्ख आहे.

उंदीर का झाले ते विचारलं नाहीस, तरी सांगते. तुझ्या शेतात कोल्हे फिरायचे, ते उंदीर खायचे. कोल्हा आता माझ्या बाजूला उपाशी आहे.

'तू' लिहिलंय. रागात 'तुम्ही' लिहायला मला जमत नाही.



२९ एप्रिल

वहिनी,

अक्षर कंपाउंडरचं आहे. माझ्या दोन्ही तळव्यांना पट्ट्या आहेत. मी सांगते आणि तो लिहितो. मधे मधे तो माझी भाषा सौम्य करेल, तेवढं समजून घे.

तुला दवाखान्यातून घरी सोडलं असं ड्रायव्हरनं सांगितलं. दादाला अजून खोकला आहे म्हणे. त्या दिवशी तू आत होतीस आणि मी बाहेर. तुला धुरात किती दिसलं, मला माहीत नाही. मला जे दिसलं ते इथे लिहिते. पोलिसांना दिलेल्या जबाबात हेच आहे.

दुपारचा एक वाजला होता. मी मेंढपाळाच्या एका मेंढीचा पाय बघत होते. म्हातारा माझ्यासमोर तिची मान धरून उभा होता. त्याची चूल विझलेली होती, राखेवर त्याचा कुत्रा झोपला होता. मग आम्हाला धूर दिसला. लांब, पश्चिमेकडे, तुमच्या बाजूच्या गवतात. वारा पश्चिमेचा. जाळ कुंपणाच्या कडेकडेनं सरळ पंपाच्या कोपऱ्याकडे येत होता. कंबरेएवढं गवत, मागे मक्याची वाळलेली धाटं. धावणारा माणूस मागे पडेल इतका वेग.

मी फाटकापाशी पोचले तेव्हा तू कुलूप दगडानं ठोकत होतीस. दादा खाली बसला होता, तोंडावर ओला रुमाल. मी ओरडले, "किल्ली!" तू म्हणालीस, "घरात." आणि घर जाळाच्या पलीकडे होतं.

दोन बाजूंना कुंपण आणि तिसऱ्या बाजूनं आग. त्या कोपऱ्यात आणखी कोण कोण होतं, ते तू पाहिलंस का? ससे होते, एक मुंगूस होतं, साप होते. कुणी कुणाला खात नव्हतं. सगळे जाळीला नाक लावून उभे होते. पंपावर पाणी पाजायला आणलेल्या तुझ्या तीन गाई होत्या.

माझ्या बॅगेत खुरं कापायची पकड होती, तिनं मी जाळी कापायला घेतली. तारांमध्ये वीज चालूच होती, यंत्र तिकडे समितीच्या शेडमध्ये. दर वेळी पुढे झालं की धक्का. हात आपोआप मागे यायचा. तू आतून ओरडत होतीस, "लवकर, अगं लवकर!" पकडीचं एक पातं तुटलं. शेवटी खालच्या तारा तुटल्या आणि जाळीला भोक झालं, माणूस सरपटत येईल एवढं. जाळी तापली होती, ती मी हातानं वाकवून धरली. दादाला म्हाताऱ्यानं काखेत धरून ओढलं. मग तू.

तू परत वळलीस, गाईंसाठी. मी तुझे केस धरून तुला ओढलं. दुखलं असेल. गाई त्या भोकातून येणं शक्य नव्हतं.

आमच्या बाजूला आग आली नाही. जळायला काही नव्हतंच. जो माळ उजाड झाला म्हणून मी तुझ्याशी भांडत होते, त्याच मातीवर आपण तिघं पडलो होतो आणि वाचलो. हे मला अजून पचलेलं नाही.

आता मुद्दा. काल पोलिसांनी मेंढपाळाला नेलं. समितीनं तक्रार दिली की आग त्याच्या चुलीमुळे लागली. त्यानं तुझ्या नवऱ्याला ओढून काढलं, वहिनी. तू सचिव आहेस. कागदावर तुझी सही आहे का?



५ मे

वन्सं,

तुम्ही मला बाहेर काढलंत. ह्यांनाही. आभार मानते. उरलेलं आयुष्य हे लोकांच्या तोंडून ऐकावं लागणार, त्याची तयारी ठेवली आहे.

गाईंचं तुम्ही लिहायला नको होतं. तिन्ही माझ्या हातून पाणी प्यायच्या. गोठा रिकामा आहे आणि हे रोज सकाळी सवयीनं चारा काढून ठेवतात. मी उचलून परत नेते.

सही माझी आहे. चुलीतून ठिणगी उडाली असं सगळेच म्हणतात. अध्यक्ष म्हणतात, आजूबाजूचे शेतकरी म्हणतात. मी काही पाहिलेलं नाही, त्यामुळे मी वेगळं काय सांगणार? चौकशीसाठी अधिकारी येणार आहेत. निर्दोष असेल तर म्हातारा सुटेल.

समितीत असाही विषय निघाला की कुंपण तोडल्याबद्दल तुमच्यावर तक्रार करावी. मी तो तूर्त मागे ठेवला आहे. पुढच्या पावसाच्या आत जाळी पुन्हा बांधायची आहे. तुम्ही आता विश्रांती घ्या आणि हात बरे करा. प्रत्येक गोष्टीत बोलायलाच हवं असं नाही.

वहिनी



८ मे

वहिनी,

हे मी स्वतः लिहिते आहे, डाव्या हाताच्या दोन बोटांत पेन धरून. म्हणून थोडक्यात.

मेंढपाळाचा तळ फाटकाच्या पूर्वेला. आग पश्चिमेला लागली. वारा पश्चिमेकडून. त्याची ठिणगी वाऱ्याच्या विरुद्ध अर्धा किलोमीटर चालत गेली, जाळी ओलांडली आणि मग पेटली, असं तुम्ही सगळे म्हणताय. एवढी हुशार ठिणगी मी पाहिली नाही.

म्हातारा दहा दिवस कोठडीत आहे. त्याची मेंढरं मी आणि कंपाउंडर सांभाळतोय. कुत्रा काही खात नाही.

माझ्यावर तक्रार करायची असेल तर करा. कुंपण मी तोडलं, पुन्हा वेळ आली तर पुन्हा तोडेन. पण तू 'मी काही पाहिलेलं नाही' असं लिहिलंस त्या ओळीत तुझं अक्षर बदललंय. शाळेत उत्तर चोरून लिहायचीस तेव्हा असंच व्हायचं, बारीक आणि तिरकं. तुला काय माहीत आहे ते मला सांगू नकोस. मला सांगून उपयोग नाही. जिथे सांगायचं तिथे सांग.



२० मे

वन्सं,

चौकशी काल झाली. तुमच्यापर्यंत बातमी पोचली असेल, पण ती मीठमसाला लावून पोचेल, म्हणून मीच लिहिते.

तालुक्याच्या कचेरीत, वरच्या मजल्यावर. एक लांब टेबल, अकरा खुर्च्या आणि नावाला फिरणारा पंखा. एका बाजूला आमची समिती, समोर अधिकारी बाई, दाराशी स्टुलावर मेंढपाळ आणि त्याच्या शेजारी पोलीस. म्हाताऱ्याची दाढी वाढली होती. त्यानं माझ्याकडे पाहून मान हलवली, ओळख असल्यासारखी. ओळख आहेच. त्याचा हात माझ्या काखेत होता. त्या मान हलवण्यानं माझं सगळं पाठ केलेलं विसरायला झालं.

अधिकारी बाईंनी विचारलं, "आग कशानं लागली याची सचिवांना काही माहिती आहे?"

मी म्हटलं, "आहे."

आगीच्या अकरा दिवस आधी आमचा वायरमन माझ्या घरी आला होता. दारातच उभा राहून म्हणाला, "वहिनी, गवत जाळीतून वाकून खालच्या तारेला टेकतंय. तडतड आवाज येतो, ठिणग्या दिसतात. गवत कापून घ्या, नाहीतर तेवढी एक तार बंद करू. एक बटण आहे, मी आत्ता करतो."

मी त्याला म्हटलं, "ती तार बंद करायची नाही."

त्यानं कारण विचारलं नाही. त्याला वाटलं, डुकरांमुळे. मला कारण माहीत होतं. ती तार बंद करा असं तुम्ही लिहिलं होतं. गवत कापा असंही तुम्हीच लिहिलं होतं. ती बंद झाली असती तर तुम्ही म्हणाला असतात, बघा, शेवटी ऐकलं. मला ते ऐकायचं नव्हतं. एवढंच. दुसरं काहीही नाही. वायरमन जिना उतरून गेला आणि मी आत जाऊन भात टाकला.

हे सगळं मी असंच्या असं सांगितलं. तुमचं पत्रही टेबलावर ठेवलं, बारा फेब्रुवारीचं. वायरमन भिंतीला टेकून उभा होता, त्यानं खाली बघून "हो" म्हटलं.

अध्यक्ष उठले. म्हणाले, "मॅडम, बाईंना त्या प्रसंगाचा धक्का बसलाय, त्यांचं मनावर घेऊ नका."

मी म्हटलं, "धक्के माझ्या नणंदेला बसले. मी आतून बघत होते. माझं डोकं ठिकाणावर आहे."

सचिवपद गेलं. माझ्यावर पुढे काय कारवाई होईल ते होईल. म्हाताऱ्याला तिथूनच सोडलं. जिन्यावर तो माझ्या बाजूनं गेला आणि थांबला नाही. मला वाटलं होतं, काहीतरी बोलेल. का बोलावं त्यानं? बावीस दिवस गेले त्याचे. शेजारचे शेतकरी कालपासून माझ्याशी बोलत नाहीत. त्यांची धाटं, त्यांचे पाइप माझ्या हट्टापायी जळले, आता त्यांना ते कळलंय. ते बरोबर आहेत.

ह्यांना मी सगळं घरी आल्यावर सांगितलं. हे उठले आणि गोठ्यापर्यंत जाऊन आले. मग म्हणाले, "गाई तरी सोडायच्या होत्यास तू त्या दिवशी सकाळी नदीवर." बस, एवढंच. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

आता मी हे पत्र का लिहिते आहे ते सांगते. तुम्ही जिंकलात हे सांगायला नाही. मला अजूनही तुमचा राग येतो. तुम्ही बरोबर होतात म्हणून तर जास्तच येतो. आणि तुमच्या बरोबर असण्यानं माझी भीती गेलेली नाही, हेही लिहून ठेवा. आज सकाळी जळलेल्या शेतात गेले तर राखेत डुकरांचे ठसे होते, ताजे, पंपाच्या खोलीपर्यंत. मी तिथेच खाली बसले.  माझ्या हाताला तो टॉवेल आठवतो, वन्सं. तुमच्या हाताला आठवणार नाही.

दहा वाजता समितीची माणसं खांब घेऊन आली, माझ्या हद्दीतले पुन्हा रोवायला. मी ठसे पाहून दोनच तास झाले होते. मी त्यांना परत पाठवलं. आमच्या बांधाच्या तेवढ्या तुकड्यात सध्या कुंपण नाही. ते ट्रॅक्टर वळवून गेले आणि मग मी घाबरले, की हे मी काय केलं. पेरणीला पंधरा दिवस आहेत. ह्यांना शेतात जाण्यापासून मी अडवू शकत नाही.

तुम्ही नुसतं काय नको ते सांगता. ते मला कळलं, तीन गाई देऊन कळलं. आता काय हवं ते सांगा. डुक्कर थांबेल, हरिण जाईल, खाणीवरच्या बायकांचे वाफे राहतील आणि माझा नवरा दोन पायांवर घरी येईल, असं काय बांधायचं ते इथे येऊन, बांधावर उभं राहून दाखवा. फाटकातून या. त्याला आता कुलूप नाही, दारही नाही.

आणि उत्तर येत नसेल, तर येत नाही असं सांगायलाही तुम्हीच या. ते पत्रातून चालणार नाही.

सोमवारी सकाळी आठ. मी थांबते.

वहिनी